प्रतिमा काचेवर नसते

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये आरशांविषयीचे प्रश्न बरेच आहेत, म्हणून हे सदर पूर्णपणे आरशांनाच दिलं आहे. मी बरीच वर्षं भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळली. प्रकाशाचे प्रयोग सुरू झाले की मुलांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागे, ती आधीच सांगून टाकते. आरशातली प्रतिमा काचेवर चिकटलेली नसते. ती काचेच्या मागे किंवा पुढे एका ठरावीक जागी असते, आणि ती जागा शोधता येते, मोजता येते. त्यासाठी विचारायचं एवढंच, की डोळ्यात शिरणारे किरण कुठून निघाल्यासारखे येत आहेत?

प्रश्न : आरसा डावं-उजवं उलटं करतो, मग वर-खाली का करत नाही?

आरसा डावं-उजवं उलटं करतच नाही. आरशासमोर उत्तरेकडे तोंड करून उभे राहा आणि उजवा हात हलवा. तो हात पूर्वेला आहे, आणि आरशात हलणारा हातही पूर्वेलाच आहे. डोकं वर आहे, प्रतिमेचं डोकंही वर आहे. बदललेली दिशा एकच: तुमचं नाक उत्तरेकडे आहे आणि प्रतिमेचं दक्षिणेकडे. आरसा पुढचं मागे करतो, बाकी काही करत नाही.

हे थेट परावर्तनाच्या नियमातून येतं. आरशाच्या पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेला स्तंभिका म्हणतात. आरशावर येऊन पडणारा (आपाती) किरण स्तंभिकेशी जेवढा कोन करतो, तेवढाच कोन परावर्तित किरण तिच्या दुसऱ्या बाजूला करतो. याचा अर्थ असा, की किरणाच्या वाटचालीतला आरशाला समांतर असलेला भाग जसाच्या तसा राहतो आणि फक्त आरशाच्या रोखाने जाणारा भाग माघारी फिरतो. म्हणून 50 सेमी पुढे असलेल्या नाकाची प्रतिमा आरशाच्या 50 सेमी मागे, तर 62 सेमी पुढे असलेल्या कानाची प्रतिमा 62 सेमी मागे तयार होते.

मग डावं-उजवं बदलल्यासारखं का वाटतं? कारण आपण मनातल्या मनात आरशामागे जातो, अर्धी गिरकी घेतो आणि प्रतिमेच्या जागी उभे राहून बघतो. अशी गिरकी घेतली तर उजवा हात पश्चिमेला जायला हवा. तो तिथे दिसत नाही, म्हणून आपण आरशाला दोष देतो. हीच कल्पना गिरकीऐवजी कोलांटी मारून केली, तर आरसा वर-खाली उलटं करतो असं म्हणावं लागेल.

अक्षरांचंही तेच आहे. छापील कागद आरशाला दाखवताना तो आपणच फिरवलेला असतो. पारदर्शक प्लॅस्टिकवर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहा आणि लिहिलेली बाजू स्वतःकडे ठेवून ते आरशासमोर धरा. प्लॅस्टिकवरची अक्षरं सुलट दिसतील आणि त्याच्या आरपार आरशात दिसणारी अक्षरंही सुलटच दिसतील. या प्रश्नावर माझं सगळ्यात आवडतं उत्तर म्हणजे हा प्लॅस्टिकचा तुकडा. तो हातात दिल्यावर वाद उरत नाही.

आरसा जमिनीवर ठेवलात, तर त्याला काटकोनात असणारी दिशा वर-खाली अशी होते. म्हणूनच संथ पाण्यात झाड उलटं दिसतं. तिथे कोणी डाव्या-उजव्याचं नाव काढत नाही.

प्रश्न : नखशिखान्त दिसण्यासाठी आरसा केवढा हवा? आरसा लहान असेल तर मागे सरकून भागेल का?

तुमच्या उंचीच्या निम्मा हवा, आणि मागे सरकून काहीही भागणार नाही.

समजा उंची 160 सेमी आहे आणि डोळे 150 सेमीवर आहेत. पायाच्या बोटांपासून निघालेला किरण आरशावर पडून डोळ्यात यायचा, तर तो बरोबर मधल्या उंचीवर, म्हणजे 75 सेमीवर आरशाला भेटतो, कारण जाताना आणि येताना कोन सारखेच असतात. डोक्याच्या टोकाचा किरण 160 आणि 150 यांच्या मध्ये, 155 सेमीवर भेटतो. म्हणजे 75 ते 155, असा 80 सेमीचा आरसा पुरतो. या हिशेबात आरशापासूनचं अंतर कुठेच आलेलं नाही. एक मीटरवर उभे राहा नाहीतर चार मीटरवर, आकडे तेच राहतात. मात्र आरसा योग्य उंचीवर टांगलेला हवा. 80 सेमीचाच आरसा वर सरकवून लावला तर पाय दिसणार नाहीत.

वाफ धरलेल्या आरशावर हे तपासता येतं. एक डोळा मिटा आणि बोटाने स्वतःच्या चेहऱ्याची बाह्यरेषा काढा. नंतर ती पट्टीने मोजा. ती खऱ्या चेहऱ्याच्या निम्मी भरेल. आता दोन पावलं मागे जाऊन पुन्हा पाहा, चेहरा त्या रेषेत तसाच बसलेला असेल. बहुतेकांना हे खोटं वाटतं, म्हणून करून बघाच.

प्रश्न : मला लांबचं दिसत नाही, चष्म्याचा नंबर उणे आहे. चष्मा काढून आरसा अगदी नाकाजवळ धरला, तरी त्यात दिसणारी मागची भिंत धूसरच का? आरसा तर जवळ आहे!

आरसा जवळ आहे, पण भिंतीची प्रतिमा जवळ नाही. भिंत आरशापासून 4 मीटरवर असेल तर तिची प्रतिमा आरशाच्या 4 मीटर मागे आहे, आणि तुमच्या डोळ्याला तेवढ्या लांबचंच बघावं लागतं. काचेवर पडलेला धुळीचा कण मात्र तुम्हाला स्वच्छ दिसेल. कॅमेऱ्यालाही हेच लागू आहे. आरशातल्या स्वतःच्या प्रतिमेचा फोटो काढताना तो आरशाच्या चौकटीवर फोकस करून बसला, तर चेहरा अस्पष्ट येतो.

मला हा प्रश्न फार आवडला. प्रतिमा काचेवर नसते याचा तुमच्या डोळ्यांनीच दिलेला हा पुरावा आहे.

प्रश्न (नववीतल्या विद्यार्थिनीचा) : पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे वस्तू अंतर्गोल (आत खोलगट) आरशाच्या नाभी आणि वक्रता केंद्र यांच्या मध्ये असेल तर प्रतिमा उलटी आणि मोठी मिळते. मी चेहरा मोठा दाखवणारा गोल आरसा घेऊन हळूहळू मागे सरकले. चेहरा उलटा झालाच नाही, नुसता मोठा आणि धूसर होत गेला. उलटा झाला तो खूप मागे गेल्यावर. तक्ता चुकीचा आहे का?

तक्ता बरोबर आहे आणि तू पाहिलंस तेही बरोबर आहे. तक्ता वाचून गप्प न बसता तू आरसा हातात घेतलास, याचा मला फार आनंद झाला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इतर वाचकांसाठी आधी एवढंच: नाभी म्हणजे लांबून समांतर येणारे किरण आरशावरून परतून जिथे एकत्र येतात तो बिंदू, आणि वक्रता केंद्र म्हणजे आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्याचा मध्य. आता तुझ्या आरशाचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून नाभीपर्यंतचं अंतर, काढ. दिवसा खिडकीपासून लांब, खोलीच्या आतल्या बाजूला उभी राहा, आरसा खिडकीकडे धर आणि त्याच्यासमोर पांढऱ्या कागदाचा लहान तुकडा मागेपुढे कर. एका जागी खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाचं किंवा इमारतीचं इवलंसं, उलटं, रंगीत चित्र कागदावर उमटेल. तिथून आरशापर्यंतचं अंतर म्हणजे नाभीय अंतर. आरसा सूर्याकडे मात्र चुकूनही धरू नकोस. डोळ्याला इजा होईल आणि कागद पेटू शकेल. असा आरसा उन्हाच्या झोतात उघडा ठेवून जाणंही धोक्याचं असतं.

समजा, नाभीय अंतर 40 सेमी आलं. वक्रता केंद्र त्याच्या दुप्पट, म्हणजे 80 सेमीवर. आता चेहरा 20 सेमीवर आण. आरशाच्या सूत्राने (वस्तूचं अंतर आणि नाभीय अंतर यांवरून ते प्रतिमेची जागा देतं) प्रतिमा आरशाच्या 40 सेमी मागे येते आणि ती दुप्पट मोठी असते. तुझ्या डोळ्यापासून ती 60 सेमीवर आहे, त्यामुळे स्वच्छ दिसते. या आरशाचा नेहमीचा उपयोग इथेच होतो. चेहरा 40 सेमीवर, नाभीत आला की परावर्तित किरण समांतर होतात आणि प्रतिमा अनंत अंतरावर जाते.

आता तुझ्या प्रश्नाची जागा. चेहरा 60 सेमीवर आहे. सूत्र म्हणतं, प्रतिमा आरशाच्या पुढे 120 सेमीवर, उलटी आणि दुप्पट. पण तू स्वतः कुठे आहेस? 60 सेमीवर. म्हणजे प्रतिमा तुझ्या डोक्याच्या मागे 60 सेमीवर तयार व्हायची आहे. तिच्याकडे निघालेले किरण वाटेतच तुझ्या डोळ्यात शिरतात, आणि ते एकत्र येत असलेले किरण आहेत. आपला डोळा एकमेकांपासून फाकत येणाऱ्या किंवा फार तर समांतर किरणांचं चित्र पडद्यावर नीट आणू शकतो. एकत्र येणाऱ्या किरणांपुढे तो हतबल ठरतो. म्हणून सगळं धूसर. आणि किरणांनी एकमेकांना ओलांडायच्या आधीच तू ते पकडलेस, म्हणून धूसर असलं तरी सुलट.

मग तुला ते उलटं कधी दिसतं? 80 सेमी ओलांडल्यावर. बरोबर वक्रता केंद्रावर डोळा असेल तेव्हा डोळ्यातून निघालेला प्रत्येक किरण आरशावर काटकोनात पडून डोळ्यातच परत येतो, आणि सगळा आरसा तुझ्या त्या एका डोळ्याच्या धूसर रंगाने भरून जातो. ही जागा शोधण्यात मोठी मजा आहे. एक डोळा मिटून अगदी सावकाश मागेपुढे हो, नक्की सापडेल. त्याच्या मागे गेलीस की प्रतिमा डोळ्याच्या पुढे, हवेत येते. 1 मीटरवर उभी राहिलीस तर ती आरशापासून साधारण 67 सेमीवर, म्हणजे तुझ्यापुढे 33 सेमीवर असते. ती उलटी, लहान आणि स्वच्छ दिसते.

तक्ता वस्तू आणि प्रतिमा यांच्याविषयी बोलतो. बघणारा डोळा कुठे आहे, हे तो गृहीत धरत नाही. तक्त्यातली 120 सेमीवरची प्रतिमा पकडायची असेल तर चेहऱ्याऐवजी 60 सेमीवर लहानसा दिवा ठेव, आरसा किंचित तिरपा कर आणि 120 सेमीवर, दिव्याच्या जरा बाजूला, कागद धर. दिव्याचं दुप्पट मोठं, उलटं चित्र कागदावर मिळेल. कागदावर घेता येते ती वास्तव प्रतिमा. मघाची आरशामागची प्रतिमा आभासी, तिथे कागद धरला तरी त्यावर काही उमटत नाही, कारण आरशामागे किरण पोहोचतच नाहीत. मी इथे चिन्हांविना नुसती अंतरं लिहिली आहेत. परीक्षेत लिहिताना चिन्हसंकेत लावायला विसरू नकोस.

एक चमकदार चमचा घेतलास तर हे सगळं काही सेंटिमीटरमध्ये उरकतं. त्याचं वक्रता केंद्र इतकं जवळ असतं की चेहरा नेहमी त्याच्या बाहेरच राहतो, म्हणून चमच्याच्या खोलगट बाजूत आपण कायम उलटे दिसतो.

प्रश्न : गाडीच्या बाजूच्या आरशावर इशारा असतो, की वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत. पण बहिर्गोल (बाहेर फुगीर) आरशात प्रतिमा तर आरशाच्या अगदी जवळ तयार होते असं शिकलो. मग वस्तू लांब का वाटते?

विरोधाभास खराच आहे, आणि तो आकड्यांनी सुटतो. धरून चालू, की आरशाचं नाभीय अंतर 60 सेमी आहे. 20 मीटर मागे असलेल्या गाडीची प्रतिमा आरशामागे सुमारे 58 सेमीवर येते. तीच गाडी 5 मीटरवर आली तर प्रतिमा 54 सेमीवर. गाडी 15 मीटर जवळ आली आणि प्रतिमा जेमतेम 4-5 सेमी हलली. एवढ्याशा फरकावरून कोणताही डोळा अंतर ओळखू शकत नाही. त्यामुळे मेंदू दुसरा आधार घेतो: गाडी केवढी असते हे त्याला माहीत असतं, ती केवढी दिसते यावरून तो अंतर ठरवतो.

आणि इथेच घोटाळा होतो. दीड मीटर उंच गाडीची 20 मीटरवरची प्रतिमा फक्त 4.4 सेमी उंच असते. चालकाचा डोळा आरशापासून 70 सेमीवर असेल तर ती त्याला तेवढीच दिसते, जेवढी तीच गाडी 44 मीटरवर असताना नुसत्या डोळ्याने दिसली असती. 20 मीटरचे 44! गाडी शिकणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, की रांग बदलण्याआधी आतल्या आरशातही पाहा, कारण तो सहसा सपाट असतो आणि अंतराचा अंदाज देतो. बाजूच्या आरशाचं काम वेगळं आहे. फुगीर असल्यामुळे तो त्याच आकाराच्या सपाट आरशापेक्षा कितीतरी रुंद पट्टा दाखवतो. तिथे कोणी आहे का, हे तो सांगतो. किती लांब आहे, हे त्याला विचारू नये.

प्रश्न : अंतर्गोल आरसा सगळे समांतर किरण एका बिंदूत आणतो, हे कितपत खरं?

गोलाचा तुकडा असलेल्या आरशासाठी ते जवळजवळ खरं आहे. मुख्य अक्षाजवळचे, म्हणजे आरशाच्या मध्यातून नाभीकडे जाणाऱ्या रेषेजवळचे, किरण नाभीत येतात, पण कडेवर पडणारे किरण नाभीच्या थोडे अलीकडे, आरशाच्या बाजूला अक्षाला छेदतात. याला गोलीय विपथन म्हणतात. आरसा लहान आणि उथळ असेल तर ते जाणवत नाही. न्यूटनने 1668 साली परावर्तक दुर्बीण बनवली तेव्हा त्याचा धातूचा आरसा गोलीयच होता आणि तो चालून गेला. अक्षाला समांतर येणारे सगळे किरण एका बिंदूत आणायचे, तर आरशाचा आकार पॅराबोलाचा लागतो. गाडीच्या दिव्यात हेच उलट वापरतात: दिवा नाभीपाशी, आणि झोत सरळ पुढे.

आकार किती अचूक लागतो, हे हबल या अवकाशातल्या दुर्बिणीने दाखवून दिलं. 2.4 मीटर व्यासाचा तिचा मुख्य आरसा कडेपाशी 2.2 मायक्रॉनने जास्त सपाट घासला गेला होता. 2.2 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचे साडेचारशे भाग करावेत त्यातला एक. आरसा घासताना तपासणीसाठी वापरलेल्या उपकरणातली एक भिंग 1.3 मिमी चुकीच्या जागी बसली होती, आणि त्या उपकरणाबरहुकूम आरसा निष्ठेने चुकीचा घासला गेला. दुर्बीण 1990 मध्ये वर गेल्यावर ताऱ्यांभोवती धूसर वलय दिसू लागलं. डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी तिथे जाऊन नाण्याएवढे छोटे आरसे बसवले. त्यांत तीच चूक उलट दिशेने घडवलेली होती. चूक नेमकी किती आहे हे माहीत होतं, म्हणून ती दुरुस्त करता आली. मोजमापाच्या ताकदीचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

प्रश्न : सायकलच्या मागच्या लाल रिफ्लेक्टरवर कोणत्याही बाजूने टॉर्च मारली तरी प्रकाश आपल्याकडेच कसा येतो?

एकमेकांना काटकोनात जोडलेले तीन आरसे, खोलीच्या कोपऱ्यासारखे, डोळ्यापुढे आणा. पहिल्या प्रश्नात पाहिलं, की आरसा स्वतःला काटकोनात असलेली दिशा तेवढी उलटवतो. तीन आरशांनी तीनही दिशा एकेकदा उलटवल्या की किरण आल्या वाटेने, समांतर, परत जातो. रिफ्लेक्टर जवळून पाहिलात तर असे असंख्य बारीक कोपरे दिसतील.

अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी 1969 मध्ये असेच 100 कोपरे चंद्रावर ठेवले, आणि 1971 मध्ये अपोलो 15 ने 300. पृथ्वीवरून सोडलेला लेसर तिथून परतायला सुमारे अडीच सेकंद लागतात. त्या वेळावरूनच चंद्र दरवर्षी 3.8 सेमीने दूर जातो हे मोजलं गेलं. चंद्रयान-3 च्या विक्रम लँडरवरही 8 कोपऱ्यांचा छोटा परावर्तक आहे.

दोनच आरसे काटकोनात जोडून, सांधा उभा धरून त्यात चेहरा पाहा. इतर लोक तुम्हाला जसे बघतात तसे दिसाल. भांग पाडताना मात्र हात पुन्हा पुन्हा चुकीच्या बाजूला जाईल.

प्रश्न : आरशाला बोट टेकवलं तरी बोट आणि प्रतिमा यांच्यात फट राहते. का?

चकाकणारा थर काचेच्या मागच्या बाजूला असतो, म्हणून. काच 5 मिमी जाड असेल तर बोटाची प्रतिमा काचेच्या पुढच्या पृष्ठभागापासून 10 मिमी आत असते. समोरून पाहताना काचेतल्या अपवर्तनामुळे, म्हणजे काचेतून बाहेर पडताना किरण वाकतात म्हणून, ती वर आल्यासारखी वाटते आणि फट साधारण साडेसहा मिमीची दिसते. नीट पाहिलंत तर बोटाला अगदी टेकलेली दुसरी, खूप फिकट प्रतिमाही सापडेल. ती काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून येते, जो सुमारे 4 टक्के प्रकाश परावर्तित करतो. दुर्बिणीत ही जोडप्रतिमा परवडत नाही, म्हणून तिथे थर काचेच्या पुढच्या बाजूलाच देतात, आणि तो आरसा बोटाने कधीच पुसत नाहीत.